वाघ वाढले, कायदा कडक, तरी शिकारी सुटतो कसा?

एका तरुण मित्राने विचारलं आहे: ‘देशात वाघ वाढले असं सगळे सांगतात. कायदाही कडक आहे. तरी दर काही महिन्यांनी कातडं पकडल्याची बातमी येते, मुद्देमालामागे उभ्या असलेल्या साहेबांचा फोटो येतो, आणि त्या आरोपींचं पुढे काय झालं ते कधीच छापून येत नाही. हे लोक सुटतात कसे? आणि वनखात्यात नसलेल्या माणसाला यात काही करता येतं का?’

वनखात्यात आधी स्वतः तपास करण्यात आणि नंतर वनरक्षक-वनपालांना तपास शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून एवढं खात्रीने सांगतो की शिकारीचा खटला बहुतेक वेळा घटनास्थळीच, पहिल्या दोन-तीन तासांत हरलेला असतो. कोर्ट फक्त चार-पाच वर्षांनी ते वाचून दाखवतं.

तिथे येण्याआधी ‘वाघ वाढले’ याबद्दल थोडं बोलू. २००६ मध्ये देशात १,४११ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात २०१४ ला १९०, २०१८ ला ३१२ आणि २०२२ ला ४४४. वाढ खरी आहे. पूर्वी वाघाच्या पावलांचे ठसे (पगमार्क) घेऊन मोजायचे. आता कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, आलेल्या वाघाचे पट्टे जुळवून मोजतात, आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पण वाढलेले वाघ राहतात कुठे? ताडोबाच्या गाभ्यात जागा भरली की वयात आलेला नर बाहेर पडतो. ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्यांमध्ये, नाल्याच्या झुडपात, कोळसा खाणींच्या आसपास तो दिवस काढतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतं, रस्ते, गावं ओलांडत तेराशे किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून तो आपल्याला कळला. कॉलर नसलेले किती चालतात आणि त्यातले किती वाटेत संपतात, याची नोंद कुठल्या वहीत होत नाही. अशा वाघाच्या वाटेवर संरक्षण कुटी नसते, पर्यटकांच्या जिप्सी नसतात. तो नाहीसा झाला तरी महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आणि हे शिकाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

वाघ गाभ्यात असला तरी निर्धास्त राहता येत नाही. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नव्हता, आणि कागदावर मात्र वाघ होते. त्यातूनच पुढे व्याघ्र कृतिदल नेमलं गेलं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो स्थापन झाला. एवढं सगळं होऊनही २००९ मध्ये मध्य प्रदेशातलं पन्ना रिकामं झालं. दोन्ही ठिकाणी नंतर बाहेरून वाघ आणून सोडावे लागले. मी प्रशिक्षणात सरिस्काचा विषय काढतो तेव्हा नवी पोरं विचारतात, ‘सर, मग तिथले गार्ड काय करत होते?’ गार्ड गस्त घालत होते आणि वहीत ‘सर्व ठीक’ लिहीत होते. गस्त चुकवायची कशी हे शिकारी शिकला होता, आणि वहीतलं ‘सर्व ठीक’ तपासायची कुणाची सवय नव्हती.

आता मरणाच्या प्रकारांकडे येऊ. वाघ मेल्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो: हा वाघ कुणाला हवा होता, की नको असताना मेला? दोन्ही गुन्हेच, तपासाची दिशा मात्र पार वेगळी.

विदर्भात नको असताना मरणारे वाघ खूप. रानडुकरं धान, चणा, तूर उद्ध्वस्त करतात. शेतकरी रात्री विजेच्या तारेवर आकडा टाकतो आणि बांधाभोवती उघडी तार फिरवतो. कधी हे पिकाच्या राखणीसाठी असतं, कधी डुकराच्या मटणासाठी. दुसरं कारण कुणी कबूल करत नाही. त्या तारेवर वाघ येतो. सकाळी घाबरलेला शेतकरी खड्डा खणून पुरतो, नाहीतर ओढत नेऊन नाल्यात टाकतो. काही वेळा माणूसच त्या तारेला चिकटतो आणि तेही दडपलं जातं. अशा प्रकरणात मी पहिल्यांदा वीज कंपनीच्या उपकेंद्रात जातो. रात्री ठरावीक वेळी फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाइन, ट्रिप झाला असेल तर तशी नोंद असते. शवविच्छेदनाचा अहवाल येण्याआधी ती नोंद तुम्हाला रात्रीची वेळ सांगते, आणि फीडर कळला की कुठल्या शिवारात शोधायचं तेही कळतं. वीज कर्मचारी आणि वनकर्मचारी मिळून रात्री तारांच्या खालून फिरतात तिथे आकडे कमी होतात, हे मी पाहिलं आहे. सौरकुंपण वेगळं, त्यात झटका थांबून थांबून बसतो, जनावर दचकून मागे फिरतं. अनुदानातून ते मिळतंही. पण अर्ज करून ते हाती येईपर्यंत डुक्कर थांबत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे.

विषप्रयोगाचं कारण निराळं. वाघाने गाय मारली, पंचनाम्याला कुणी वेळेवर आलं नाही, भरपाई रखडली, आणि अर्धवट खाल्लेल्या त्या गायीवर कीटकनाशक शिंपडलं गेलं. वाघ शिकारीवर परत येतो हे गुराख्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. एका बाटलीत वाघीण आणि बछडे सगळेच जातात. मला विचाराल तर वाघ वाचवण्याचं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे गाय मारली त्याच दिवशी पंचनामा करणं. बंदूक, ड्रोन, श्वान पथक, हे सगळं त्यानंतर.

आता ‘हवा असलेला’ वाघ. इथे टोळी असते. लोखंडी जबड्याचा सापळा वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पुरतात. बंदुकीचा आवाज नको, कातड्याला भोक नको. हे काम करणारे बहुतेक बाहेरून आलेले असतात. रस्त्याकडेला पालं टाकतात, जडीबुटी, कंगवे, ब्लँकेट विकतात, बायका-मुलं सोबत असतात. मदतीला एखादा स्थानिक लागतोच, कारण वाघ कुठल्या नाल्यातून उतरतो हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून माझा नियम असा: बाहेरचा माणूस सापडला तरी स्थानिक सापडेपर्यंत तपास बंद करायचा नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आमच्या खात्यातही ही चूक होते. काही भटक्या जमातींची नावं या गुन्ह्यांशी जोडली जातात आणि मग गावाबाहेर दिसलेलं प्रत्येक पाल संशयित ठरतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, मनातून पूर्ण गेलेला नाही. हे चुकीचं तर आहेच, तपासाच्या दृष्टीनेही मूर्खपणाचं आहे. जंगलातली सगळ्यात पक्की खबर मला याच लोकांकडून मिळालेली आहे. सगळ्या वस्तीला उचलून आणलंत की पुढची दहा वर्षं तिथून एक शब्दही बाहेर येणार नाही.

आता घटनास्थळाबद्दल, म्हणजे ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो त्याबद्दल. वाघाचं शव सापडलं की गाव लोटतं. कुणीतरी मिशा उपटतो, कुणीतरी नख. पोलीस पाटील, पत्रकार, आमचेच अधिकारी, सगळे शवापर्यंत चालत जातात आणि सापळा ओढत नेल्याची खूण, बिडीचं थोटूक, चपलेचा ठसा, तार कापल्याचं ताजं टोक, सगळं पायाखाली जातं. म्हणून पहिल्यांदा दोरी बांधायची, आणि आत जायला-यायला एकच वाट ठेवायची. व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची भूमिका अशी आहे की वाघाचा प्रत्येक मृत्यू हा शिकार नाही हे सिद्ध होईपर्यंत शिकारच धरायचा. अनेकांना हे जाचक वाटतं. मला ते या कामातलं सर्वात शहाणपणाचं वाक्य वाटतं, कारण ‘नैसर्गिक मृत्यू असेल’ असं मनात आलं की हात सैल पडतात. शवविच्छेदनानंतर नमुने काढून उरलेलं सगळं शव पंचांसमोर जाळतात, तेही याचसाठी: एकही हाड बाजारात जाऊ नये.

मग कागद. वनगुन्ह्याची पहिली नोंद म्हणजे पीओआर, प्राथमिक गुन्हा अहवाल. तो कुणी फाडला, किती वाजता, त्यावर मुद्देमालाचं वर्णन काय, हे पुढे शब्दन् शब्द उलटतपासणीत येतं. एका प्रकरणात पीओआरवर ‘चार नखे’ होती, पंचनाम्यात ‘पाच नखे’, प्रयोगशाळेच्या पावतीवर पुन्हा चार. पाचवं नख खरंच होतं. पंचनामा चालू असताना पोत्याच्या तळाशी सापडलं होतं, आणि पाकीट भरणाऱ्याने जुनाच आकडा उतरवला होता. बचाव पक्षाच्या वकिलाने अर्धा तास त्या एका नखावर घालवला आणि आरोपी संशयाचा फायदा घेऊन गेले. चूक करणारा वनरक्षक प्रामाणिक होता, रात्रभर जागा होता. त्याला पंचनामा लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं. लाखेचं सील, सीलचा नमुना, मुद्देमाल कुणाच्या ताब्यातून कुणाकडे गेला त्याची अखंड साखळी, हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि खटला त्यावरच उभा राहतो.

आमच्या कायद्यात दोन हत्यारं अशी आहेत की ती वापरायचं पुष्कळदा राहून जातं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ५० च्या उपकलम ८ खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरचा अधिकारी साक्षीपुरावा नोंदवू शकतो, आणि तो आरोपीच्या समक्ष नोंदवलेला असेल तर पुढे कोर्टात ग्राह्य धरला जातो. ‘आरोपीच्या समक्ष’ हे दोन शब्द विसरले की सगळी मेहनत वाया. दुसरं कलम ५७. वाघाचा अवयव ताब्यात होता एवढं सिद्ध झालं की तो ताबा कायदेशीर होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर जातो. पण ताबा सिद्ध करायचा म्हणजे पुन्हा पंच, सील आणि पंचनामा हेच आलं. मोबाइलमधले फोटो, कॉलच्या नोंदी कोर्टात द्यायच्या तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी खाली होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. हे प्रमाणपत्र जोडलं नाही म्हणून उत्तम पुरावे बाजूला पडलेले मी पाहिले आहेत.

शिक्षा कमी नाही. व्याघ्र प्रकल्पातल्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं. तोच माणूस पुन्हा दोषी ठरला तर किमान सात. खरी अडचण खटल्याच्या पद्धतीत आहे. वनखात्याचा खटला पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चालत नाही, तो वनाधिकाऱ्याने कोर्टात केलेल्या तक्रारीवर चालतो. त्यात आरोप निश्चित होण्याआधी एकदा पुरावा द्यावा लागतो आणि आरोप ठेवल्यावर त्याच साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावता येतं. दरम्यान वनरक्षकाची दोनदा बदली झालेली, वनपाल निवृत्त, पंच मजुरीला परगावी, आणि बाहेरच्या राज्यातला आरोपी जामिनावर जो गेला तो गेला. त्यामुळे पहिला जामीन अर्ज हीच निम्मी लढाई. जुन्या गुन्ह्यांची यादी त्या दिवशी सरकारी वकिलाच्या हातात असली पाहिजे. संसारचंदसारखा कुख्यात तस्कर १९७० च्या दशकापासून पुनःपुन्हा सुटत राहिला, त्याचं एक कारण एका राज्याचा गुन्हा दुसऱ्या राज्याच्या फाइलमध्ये नसायचा हे होतं.

उलटं उदाहरणही आहे. २०१३ मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडकीस आली, तेव्हा तिथे गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. त्याने फोनच्या नोंदींवरून माणसं जोडली, राज्याबाहेर जाऊन आरोपी आणले, खटल्यांच्या तारखांना माणूस हजर ठेवला, आणि शिक्षा झाल्या. त्यात जादू कसलीच नव्हती. एक लहान तुकडी बदलीशिवाय त्याच कामावर टिकली, एवढंच. मला कुणी एक मागणी विचारली तर मी नवीन गाड्या मागणार नाही, तपास करणाऱ्या माणसाला पाच वर्षं एका जागी ठेवा म्हणेन.

साखळीचा वरचा भाग आपल्या हद्दीत नसतो. सापळा लावणाऱ्याला सगळ्यात कमी पैसे मिळतात. पुढे नेणारा, साठवणारा, सीमेपलीकडे पाठवणारा आणि विकत घेणारा हे सगळे वेगळे. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याजवळ पकडलेल्या शिकाऱ्याच्या तपासाचे धागे थेट शिलाँगपर्यंत गेले, तेही पैशांच्या व्यवहारावरून. हाडांची मागणी चीन आणि आग्नेय आशियातल्या पारंपरिक औषधांतून येते. चीनने १९९३ मध्ये व्याघ्रास्थींच्या व्यापारावर बंदी घातली, तरी चीन, लाओस, व्हिएतनाम, थायलंडमध्ये बंदिस्त वाघ पाळणारी केंद्रं राहिली आणि त्यामुळे मागणी जिवंत राहिली. ‘पाळीव वाघांची हाडं विकू द्या, म्हणजे जंगलातले वाचतील’ असा युक्तिवाद ऐकू येतो. मला तो पटत नाही. एकदा दुकानात कायदेशीर हाड आलं की बेकायदा हाड त्याच्याच शेजारी ठेवता येतं, आणि जंगलातला वाघ पोसायचा खर्च शिकाऱ्याला येतच नाही.

मागणी मात्र खरोखर तुटू शकते. २००३ मध्ये तिबेटमध्ये एकाच ट्रकमध्ये ३१ वाघांची, ५८१ बिबट्यांची आणि ७७८ पाणमांजरांची कातडी सापडली होती. तिथे सणासुदीच्या पोशाखाला वाघाच्या कातड्याची किनार लावायची पद्धत पसरली होती. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या कालचक्र या बौद्ध सोहळ्यात दलाई लामांनी ती कातडी वापरू नका असं सांगितलं आणि तिबेटी लोकांनी चौकाचौकात आपले महागडे पोशाख जाळले. आमच्या शेकडो छाप्यांनी जे झालं नव्हतं ते एका आवाहनाने काही आठवड्यांत झालं. हाडांच्या बाबतीत तसा आवाज अजून उठलेला नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सुरुवात बातमीपासून करा. ‘आंतरराष्ट्रीय बाजारात कोट्यवधींची किंमत’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे संपादकाला लिहा. तो आकडा कुणीतरी हवेतून काढलेला असतो आणि तो वाचून गावातल्या कर्जबाजारी पोराला वाटतं, एका नखात आपलं भागेल. मांडूळ आणि खवले मांजर यांच्या बाबतीत महाराष्ट्रात हेच झालं. गुप्तधनाच्या गप्पा आणि बातमीतले आकडे यांनी कितीतरी मुकी जनावरं गोण्यांमध्ये नेऊन बसवली. ‘वाघनख’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं तर गुरांच्या शिंगापासून कोरलेलं असतं. तरीही विकत घेऊ नका. खोटं नख विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं हे पाहूनच कुणीतरी खऱ्याच्या मागे लागतो.

वाघ दिसला तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका, निदान वाघ तिथून हलेपर्यंत तरी. विकणारा कुणी भेटला तर स्वतः गिऱ्हाईक बनून सापळा रचायच्या फंदात पडू नका. धोका तर आहेच, शिवाय खटल्यात तुम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्याजवळ नेतील. महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, त्यावर कळवा. गाव, वेळ, गाडीचा नंबर, बोलण्याची भाषा, एवढं पुरतं.

आणि वनखात्याने पंच म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका. सुशिक्षित माणूस हल्ली पंच व्हायला तयार नसतो, मग रस्त्यावरचा कुणीतरी पकडून आणतात आणि तो कोर्टात ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. नखं, हाडं, तुकडे स्वतः मोजा, सील तुमच्यासमोर लागू द्या, कोऱ्या कागदावर सही मागितली तर सरळ नकार द्या. घर बदललंत तर नवा पत्ता त्या वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. समन्स बहुधा तीन-चार वर्षांनी येईल, आणि त्या दिवशी तुम्ही मोजलेली ती नखं किती होती, हाच पहिला प्रश्न असेल.